1951 शेवरोलेचा मागचा ॲक्सल आणि ड्राइव्हलाइन बदलली, 8,000 किलोमीटरनंतरचा रिव्ह्यू

बरेच जण विचारत होते म्हणून शेवटी लिहायला बसलो. गाडी 1951 ची शेवरोले स्टाइललाइन, 216 क्युबिक इंचाचं सहा सिलिंडर इंजिन, स्टिअरिंगला गिअरची दांडी असलेला तीन गिअरचा बॉक्स आणि मागे टॉर्क ट्यूबवाला मूळ ॲक्सल, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद मागे नेणारा प्रोपेलर शाफ्ट एका जाड बंद नळीत, रेशो 4.11, म्हणजे चाकाच्या एका फेरीला शाफ्टच्या 4.11 फेऱ्या. आता तिच्यात सत्तरच्या दशकातल्या कॅमेरोचा साडेआठ इंची टेन-बोल्ट (मागच्या कव्हरला दहा बोल्ट असलेला) ॲक्सल आहे, उघडा प्रोपेलर शाफ्ट आहे आणि एस-10 पिकअपमधून काढलेला टी-5 पाच गिअरचा बॉक्स आहे. दोन वर्षं झाली, 8,000 किलोमीटर झाले, आता काय चांगलं आणि काय त्रासाचं हे नीट सांगता येईल. रिव्ह्यू तीन गोष्टींचा आहे, तो ॲक्सल स्वतः, पाट्यांच्या, म्हणजे लीफ स्प्रिंगच्या, बैठकांचं जे किट घेतलं ते, आणि ज्यांनी प्रोपेलर शाफ्ट बनवून दिला ते वर्कशॉप. किटवाल्याचं आणि वर्कशॉपचं नाव लिहीत नाही, कारण मला सांगायचंय ते कामाबद्दल.

आधी हे का करावं लागलं ते सांगतो. एका ओल्या दिवशी ब्रेक मारला आणि मागचं डावं चाक धरेचना. ड्रम उघडला तर ब्रेक लायनर गिअर ऑइलने चिंब, बोटाने दाबलं की कडेने तेल वर येत होतं. वाटलं ॲक्सलचं सील गेलं, सील बदललं, महिन्याभरात परत तेच. मग डिफरन्शियलचा (ॲक्सलच्या मधल्या गिअरच्या पेटीचा) लेव्हल प्लग उघडला तर तेल धारेने बाहेर आलं, म्हणजे भरलेल्यापेक्षा जास्त, आणि तिकडे गिअरबॉक्स अर्धा रिकामा. ज्यांनी टॉर्क ट्यूबवाल्या शेवरोले सांभाळल्यात त्यांना हे लगेच कळेल. ट्यूबच्या पुढच्या तोंडाला जे बुश आणि सील असतं ते झिजलं की गिअरबॉक्सचं तेल नळीतून सरळ मागे वाहत जातं, डिफरन्शियल काठोकाठ भरतं आणि मग ते तेल ॲक्सलच्या सीलांवर दाब देऊन ब्रेकमध्ये उतरतं. दोष दिसतो चाकाजवळ आणि असतो गाडीच्या मधोमध. मी तीन वेळा चुकीच्या जागी सील बदललं.

ते बुश बदलून भागलं असतं, खरंय. पण दुसरं कारण इंजिनचं होतं. 216 ला कनेक्टिंग रॉडची बेअरिंग बॅबिटची (मऊ मिश्रधातूची), ओतलेली, आणि रॉडला तेल मिळतं ते खालच्या पळीने उडवून, प्रेशरने नाही. शेवरोलेने पूर्ण प्रेशरचं ऑइलिंग या सिक्सला 1953 मध्ये पॉवरग्लाइडवाल्या (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या) 235 इंजिनपासून दिलं आणि 1954 मध्ये सगळ्यांना. म्हणजे माझं इंजिन हळू पळायला बनलेलं आहे आणि 4.11 रेशो त्याला हळू पळू देत नाही. टायर साधारण 28 इंच व्यासाचे धरा, 80 च्या स्पीडला इंजिन मिनिटाला 2,450 च्या आसपास फिरतं, 90 ला 2,750 च्या वर. थोडा वेळ ठीक आहे, पण दोन तास असं पळवलं की माझं सगळं लक्ष रस्त्यापेक्षा ऑइल प्रेशरच्या काट्याकडे असायचं. अशी गाडी चालवण्यात आनंद नाही, नुसती काळजी.

आता मुख्य मुद्दा, आणि हा मला काम संपल्यावर कळला, आधी कळला असता तर निम्मा त्रास वाचला असता. आपण म्हणतो ॲक्सल बदलला, रेशो बदलला. खरं तर गाडीला ढकलणारा जोर कुठून जातो तो रस्ताच बदलतो. टॉर्क ट्यूबच्या गाडीत चाकं रस्त्याला मागे ढकलतात तो जोर ॲक्सलमधून त्या जाड नळीत जातो, नळीतून गिअरबॉक्सच्या मागच्या गोळ्यात आणि तिथून इंजिनच्या माउंटिंगमधून चासीला. पाट्यांचं मुख्य काम म्हणजे वजन पेलणं. उघडा शाफ्ट केला की नळी गेली, आता तोच सगळा जोर पाट्याच्या पुढच्या टोकातून, त्या एका बुशमधून चासीत जातो, आणि ॲक्सल मागच्या बाजूला उलटा फिरू पाहतो ते पण पाट्यांनीच अडवायचं. फोर्डने टॉर्क ट्यूब 1948 पर्यंत ठेवली, शेवरोलेच्या कार 1954 पर्यंत तशाच आल्या, 1955 ला नवी चासी आली तेव्हा उघडा शाफ्ट आला, ब्यूइकने तर 1960 पर्यंत धरून ठेवली. कंपनीने हे बदललं तेव्हा पाटे, माउंटिंग, शाफ्ट सगळं एकत्र नव्याने बसवलं. आपण मात्र एकेक तुकडा बदलतो आणि बाकीचं आहे तसंच चालेल असं धरून चालतो.

ॲक्सल का हा निवडला. नाइन इंच फोर्ड सगळे सुचवतात, आणि वस्तू जबरदस्त आहे, 1957 पासूनची, क्राउन-पिनियनचा (डिफरन्शियलमधलं मोठं दात्यांचं चाक आणि त्याला फिरवणारा छोटा गिअर) अख्खा संच पुढून काढता येतो, पिनियनच्या डोक्यामागे तिसरं बेअरिंग, ॲक्सल शाफ्ट बाहेरच्या टोकाला पट्टीने धरलेला. पण माझ्या इंजिनची ताकद 92 हॉर्सपॉवर. नाइन इंचात पिनियन क्राउनच्या मध्यापासून बराच खाली बसतो, दात एकमेकांवर जास्त घासत सरकतात, म्हणजे थोडी ताकद तिथेच खर्च. 400 घोड्यांच्या गाडीला ते कळत नाही, मला कळलं असतं. साडेआठ इंची टेन-बोल्ट वजनाला हलका, माझ्या इंजिनला पुरून उरेल इतका मजबूत, आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे चाकाचे बोल्ट तेच, पाच बोल्ट पावणेपाच इंचाच्या वर्तुळावर, 1949 नंतरच्या शेवरोलेसारखे. म्हणजे जुने रिम, जुने हबकॅप, काही बदलायचं नाही. बाहेरून बघणाऱ्याला कळणार पण नाही. रुंदी मी ड्रमच्या तोंडापासून ड्रमच्या तोंडापर्यंत दोन्हीकडे मोजली, एकूण फरक इंचाच्या आतबाहेर, एका बाजूला अर्धा इंच, टायर मडगार्डला लागत नाही. पण मोजताना एकच पद्धत ठेवा, कुणी रिमच्या बैठकीपासून मोजतं, कुणी ब्रेकच्या पत्र्यापासून, आणि आकडे ऐकून पार्ट उचलला की फसलात.

या ॲक्सलची एक गोष्ट आवडत नाही ती पण सांगतो. ॲक्सल शाफ्ट आत सी-क्लिपवर (सी आकाराच्या छोट्या कडीवर) अडकलेला असतो. शाफ्ट तुटला तर चाकासकट बाहेर येऊ शकतो. माझ्या ताकदीला तो तुटणार नाही हे मला माहिती आहे, तरी पहिल्याच दिवशी दोन्ही शाफ्ट बाहेर काढून बेअरिंग जिथे फिरतं तिथली जागा बघितली, एकावर नखाला लागेल एवढी चर पडलेली होती, तो फेकून दुसरा घातला. आणि आतल्या क्रॉस पिनचा जो छोटा लॉक बोल्ट असतो तो काढताना हळू, तो तुटतो हे प्रसिद्धच आहे. माझा नाही तुटला कारण आदल्या रात्री तेल सोडून ठेवलं आणि सकाळी पाना जोर न लावता मागेपुढे करत सोडवला. परत बसवताना नवा बोल्ट घातला, जुना ठेवायचाच नाही.

बैठकांचं किट. यात पाटा ज्यावर बसतो त्या दोन लोखंडी बैठका, चार यू-बोल्ट, खालच्या पट्ट्या आणि एक पानभर सूचना. कॅमेरोच्या बैठका माझ्या चासीच्या पाट्यांच्या अंतरावर येत नाहीत म्हणून जुन्या कापून नव्या वेल्ड करायच्या. लोखंड चांगलं, यू-बोल्ट चांगले, पण बैठकीची गोलाई ॲक्सलच्या नळीपेक्षा मोठी, बसवल्यावर दोन्ही कडांना दीड मिलिमीटरची फट. ती घासून जुळवायला अर्धा दिवस गेला. हे चाललं असतं. खरी चूक सूचनेत होती. लिहिलं होतं की पिनियन जमिनीला समांतर ठेवून बैठका वेल्ड करा. आणि मी तसंच केलं, गाडी स्टँडवर, सीट बाहेर, मागचा बंपर बाहेर, ॲक्सल खाली लटकलेला, स्पिरिट लेव्हल पिनियनच्या तोंडाला लावून बुडबुडा मध्यावर आला आणि पूर्ण वेल्ड मारून टाकलं. टाके मारून थांबायला हवं होतं.

वेल्डिंगचं मात्र एक बरोबर केलं ते सांगतो, अर्थिंगचा क्लॅम्प ॲक्सलच्या नळीलाच, वेल्डच्या शेजारी लावला, म्हणजे करंट बेअरिंगमधून जात नाही, नाहीतर रोलरवर ठिपके पडतात आणि नवं बेअरिंग महिन्यात ओरडायला लागतं. आणि एका दमात न मारता थोडं इकडे थोडं तिकडे, हात लावता येईल इतकं गार होऊ देत. नळी तापून वाकली तर ॲक्सल शाफ्ट आत कायम एका बाजूला ओढलेला राहतो.

गाडी खाली उतरवली, पहिला राउंड, आणि क्लच सोडताना मागून ठक्क. प्रत्येक वेळी. गिअर बदलला ठक्क, ॲक्सिलरेटर सोडला ठक्क. वाटलं डिफरन्शियलमध्ये दातांमधली चाल जास्त राहिली. कव्हर उघडून डायल गेजने परत मोजली, 0.18 मिलिमीटर, अगदी बरोबर. मग एकाला गाडीत बसवलं, हँडब्रेक ओढून पहिल्या गिअरला क्लच हळू सोडायला सांगितलं आणि मी बाजूला आडवा होऊन बघत बसलो, चाकांना पुढे मागे ठोकळे लावूनच. पाट्याचं पुढचं टोक त्याच्या हँगरमध्ये तब्बल पाच-सहा मिलिमीटर पुढे सरकत होतं. बुश संपलेलं. टॉर्क ट्यूब होती तोपर्यंत त्या बुशवर ढकलायचा जोर येतच नव्हता, म्हणून ते झिजलेलं कुणाला कळलंच नाही, आता गाडी ढकलायचं सगळं काम त्याच्यावर आलं आणि ते लगेच बोललं. दोन्ही बाजूचे बुश, पिन, मागच्या शॅकलचे बुश नवे घातले, पाटे खोलून एक तडकलेलं पान बदललं. ठक्क बंद. माझं म्हणणं, किटवाल्याने सूचनेत पहिली ओळ हीच लिहायला हवी होती.

मग आली थरथर. 65 पासून सुरू व्हायची, 75 ला सीटच्या खालून जाणवायची, आरशातलं चित्र पुसट व्हायचं. इथे मला दोन आठवडे लागले आणि इथेच मी सगळ्यात जास्त शिकलो, म्हणून थोडं सविस्तर.

टॉर्क ट्यूबच्या गाडीत युनिव्हर्सल जॉइंट (शाफ्टला कोनात फिरू देणारा क्रॉसचा सांधा) एकच असतो, गिअरबॉक्सच्या मागच्या गोळ्यात. मागचं टोक पिनियनला सरळ जोडलेलं. त्यामुळे पिनियनचा कोन हा विषय त्या गाडीत कधी कुणाला माहीतच नसतो. उघड्या शाफ्टला दोन जॉइंट. आणि क्रॉसचा स्वभाव असा की तो कोनात फिरला की पुढची बाजू एकसारखी फिरत असली तरी मागची एका फेरीत दोनदा वेगाने आणि दोनदा हळू फिरते. दुसरा जॉइंट तेवढ्याच कोनात असेल तर तो ही लचक उलटी करून घालवतो. कोन वेगळे असले की लचक शिल्लक राहते आणि तीच थरथर. 80 च्या स्पीडला तेव्हा, 3.08 च्या रेशोवर, माझा शाफ्ट मिनिटाला 1,840 च्या आसपास फेऱ्या मारायचा, म्हणजे सेकंदाला साठेक झटके, मग सीट थरथरणारच.

गाडी चारही चाकांवर, सीट-बंपर-स्टेपनी सगळं जागच्या जागी, टाकी अर्धी भरलेली, अशा अवस्थेत अँगल गेज लावलं. गिअरबॉक्सची शेपटी साडेतीन डिग्री खाली झुकलेली. पिनियन शून्य, सूचनेप्रमाणे जमिनीला समांतर. पण जमिनीशी त्याचा काय संबंध, त्याने गिअरबॉक्सला समांतर असायला हवं. म्हणजे पिनियनचं नाक साडेतीन डिग्री वर, त्यातून एक डिग्री कमी कारण जोर आला की पाटे पिळतात आणि नाक आपोआप वर उचललं जातं, एकूण अडीच. बैठका परत कापायची हिंमत नव्हती, पाटा आणि बैठकीच्या मध्ये अडीच डिग्रीच्या पोलादी पाचरी घातल्या, सेंटर बोल्ट लांब घेतला. ॲल्युमिनियमच्या पाचरी मिळतात त्या घेऊ नका, दबून सुट्या होतात. आणि कोन अगदी शून्य पण नको, अर्धा-एक डिग्री तरी हवा, नाहीतर क्रॉसमधल्या सुया फिरत नाहीत, एकाच जागी ठोके खातात आणि कपात खड्डे पाडतात. तीन डिग्रीच्या वर मात्र जाऊ देऊ नये.

थरथर ऐंशी टक्के गेली. उरलेली वीस टक्के 85 च्या पुढे होती. इथे येतो वर्कशॉपचा रिव्ह्यू.

शाफ्ट बनवायला त्यांनी माप बरोबर घेतलं, हे आधी म्हणतो. गाडीचं वजन ॲक्सलवर ठेवूनच मोजायला लावलं, गिअरबॉक्सच्या सीलपासून पिनियनच्या योकपर्यंत (योक म्हणजे क्रॉस धरणारा दोन कानांचा तुकडा), आणि पुढचा सरकता योक पूर्ण आत न घालता वीस-पंचवीस मिलिमीटर बाहेर ठेवला. ॲक्सल वरखाली होताना शाफ्ट पुढे सरकायला तेवढी जागा लागतेच, नाहीतर खड्ड्यात गिअरबॉक्सच्या मागच्या बेअरिंगवर ठोसा बसतो. टी-5 च्या योकचा आणि टेन-बोल्टच्या योकचा क्रॉस वेगवेगळ्या मापाचा, तर दोन्ही मापं असलेला जोडणीचा क्रॉस त्यांनीच सुचवला आणि शोधून दिला, त्यामुळे एक योक बदलायचा वाचला. बोलायला नीट, प्रश्न विचारला तर थांबून उत्तर देणारे लोक.

पण शाफ्ट हातात आला तेव्हा मी नीट बघितलं नव्हतं. थरथर राहिली म्हणून उतरवला, बाकावर ठेवला आणि एका टोकाकडून बंदुकीच्या नळीकडे बघावं तसं बघितलं. दोन्ही टोकांच्या योकचे कान एका रेषेत असायला हवेत. माझ्या शाफ्टचे नव्हते. दोन्ही टोकांना कानांतून एकेक सरळ सळई घातली तर त्या समांतर न दिसता कात्रीसारख्या किंचित उघडलेल्या दिसल्या, सहा-सात डिग्री तरी असेल. वेल्ड करताना एक टोक फिरलं होतं. कोन कितीही बरोबर लावा, कान एका रेषेत नाहीत तर एक जॉइंट दुसऱ्याची लचक पुसूच शकत नाही. आणि बॅलन्सिंगच्या मशीनवर हे सापडत नाही, कारण मशीन वजनाचा तोल बघते, शाफ्ट तोलात होता.

मी तो घेऊन गेलो. त्यांनी दोन सळया बघितल्या, वाद घातला नाही, एक टोक कापून परत जुळवलं, परत बॅलन्स केलं, तिसऱ्या दिवशी शाफ्ट हातात. बसवला आणि 100 पर्यंत आरसा स्वच्छ. चूक झाली हे खरं, पण ती ज्या पद्धतीने निस्तरली त्यासाठी मी परत त्यांच्याकडेच जाईन. फक्त आता दुकान सोडायच्या आधी दोन सळया घालून बघेन.

रेशोबद्दल. डोनर ॲक्सल (कॅमेरोतून काढलेला) आला तेव्हा आत 3.08 होता आणि मी खूश झालो, 4.11 वरून 3.08 म्हणजे केवढी शांतता. पण टी-5 चा पाचवा गिअर 0.72 चा आहे हे डोक्यात आलं नाही. 3.08 गुणिले 0.72, हिशोब होतो 2.22. नव्वदला इंजिन 1,500 च्या खाली, पाचवा टाकला की गाडी गुदमरायची, थोडा चढ आला की चौथा, परत पाचवा, परत चौथा. पाचवा गिअर असून नसल्यासारखा. सहा महिने चालवली आणि मग क्राउन-पिनियन बदलून 3.73 घातला. इथे एक बरं झालं, साडेआठ इंची टेन-बोल्टमध्ये 2.73 आणि त्याच्या वरचे सगळे रेशो एकाच कॅरिअरवर (क्राउन ज्यावर बसतो त्या भागावर) बसतात, 2.56 आणि खालचा असता तर कॅरिअर पण बदलावा लागला असता. डोनर उचलताना आतला रेशो बघून घ्या म्हणतात ते यासाठी पण.

आता 80 ला पाचव्यात 1,600, नव्वदला 1,800. चौथ्यात 80 ला 2,200, चढाला अगदी योग्य. पहिला गिअर मात्र फारच छोटा झाला, टी-5 चा पहिला 4.03 चा, त्याला 3.73 म्हणजे एकूण पंधरा, पूर्वी बारा होता. सपाट रस्त्यावर मी दुसऱ्यातच उठवतो. हे ज्यांना चालणार नाही त्यांनी 3.42 च्या आसपास काहीतरी बघावं.

क्राउन-पिनियन मी स्वतः लावला, आणि ज्याला संयम आहे त्याने एकदा तरी हे करावं असं मला मनापासून वाटतं. दातांना पिवळी पेस्ट ब्रशने पातळ लावायची, क्राउनला फडक्याने थोडा अडथळा देऊन पिनियन दोन्ही बाजूला फिरवायचा आणि मग दातावर उमटलेला ठसा बघायचा. पहिल्यांदा ठसा दाताच्या मुळाशी दाबलेला आला, म्हणजे पिनियन जास्त आत. बेअरिंग परत ओढून काढलं, मागची शिम (अंतर जुळवायची चकती) पातळ घातली, परत पेस्ट, परत ठसा, आता थोडा टोकाकडे. चौथ्या वेळी दाताच्या मधोमध, बदामासारखा लांबट ठसा उमटला, पुढच्या बाजूलाही आणि उलट्या बाजूलाही. तो दिसल्यावर मी हातातलं सगळं खाली ठेवलं आणि नुसता बघत बसलो. नंतर पिनियनचा नट घट्ट करताना आतलं दबणारं स्लीव्ह एकदाच दबतं हे लक्षात ठेवा, जास्त कसलं तर सैल करून जमत नाही, नवं स्लीव्ह घालून पहिल्यापासून. नवे गिअर घातल्यावर पहिल्यांदा पंधरा-वीस मिनिटं हलकं चालवून पूर्ण गार होऊ द्यायचं, पहिले 800 किलोमीटर जोर टाळायचा, मग तेल बदलायचं. माझ्या पहिल्या तेलात चांदीसारखी बारीक चमक होती, दुसऱ्यात नव्हती.

तेलावरून आठवलं, ॲक्सलला 80डब्ल्यू-90 जीएल-5 गिअर ऑइल घातलं तेच उरलेलं जुन्या गिअरबॉक्समध्ये ओतू नका. जीएल-5 मधली रसायनं पितळी आणि ब्राँझच्या सिंक्रो रिंगला मानवत नाहीत. टी-5 चं तेल पण वेगळं, ज्याच्या बॉक्सला जे लागतं तेच.

ब्रेकचं थोडक्यात. 1951 च्या शेवरोलेला मागे 11 इंची ड्रम होते, या ॲक्सलला साडेनऊ इंची. म्हणजे मागचा ब्रेक लहान झाला. मला भीती होती, पण ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी अडकायची ती आता अडकत नाहीत, पेडल थोडं जास्त दाबावं लागतं एवढंच. गाडी कायम भरलेली चालवणाऱ्याने मागचे व्हील सिलिंडर विचार करून निवडावेत. हँडब्रेकची केबल जुनी आणि नवी जोडून बनवावी लागली, आणि ती अजूनही मला हवी तशी नाही, उतारावर शेवटच्या दातापर्यंत ओढावी लागते. ॲक्सलच्या नळीवरचं श्वास घ्यायचं छिद्र साफ आहे ना ते बघा, ते बुजलं की तापलेलं तेल सीलमधून बाहेर येतं आणि तुम्ही परत माझ्यासारखे लायनर बदलत बसाल.

गिअरबॉक्सची बाजू हा वेगळा विषय आहे, बेल हाउसिंगला ॲडाप्टर प्लेट, टी-5 च्या स्प्लाइनची क्लच प्लेट, योग्य पायलट बुश, बॉक्सच्या शेपटीखाली नवा आडवा आधार आणि स्टिअरिंगवरची दांडी जाऊन खाली आलेली. ती दांडी गेल्याचं मला अजून वाईट वाटतं. ॲक्सलने गाडीचं काही हिरावलं नाही, बॉक्सने हे एक हिरावलं.

कुणी करावं, कुणी करू नये. तुमची गाडी पूर्ण मूळ अवस्थेत असेल, नंबर जुळणारे (इंजिन गाडीचं मूळचंच) असतील, आणि तुम्ही महिन्यातून एकदा पन्नास किलोमीटर जात असाल तर हात लावू नका. ट्यूबचं पुढचं बुश आणि सील बदला, तेल मागे जायचं थांबेल. रेशोच हवा असेल तर 1950 ते 1952 च्या पॉवरग्लाइड गाड्यांचा 3.55 चा संच जुन्याच हाउसिंगमध्ये बसवतात, काही कापावं लागत नाही, टॉर्क ट्यूब राहते आणि इंजिन 80 ला 2,100 वर येतं. मी आज परत सुरुवात करत असतो तर आधी तो रस्ता शोधला असता. पण लांब जायचं असेल, आठवड्याला जायचं असेल, तर हा बदल गाडीला खरोखर मोकळं करतो. आता क्लच बदलायला मागचा अख्खा ॲक्सल उतरवावा लागत नाही, चार बोल्ट सोडले की शाफ्ट हातात.

मार्क द्यायचे तर ॲक्सलला पाचपैकी साडेचार, सी-क्लिपसाठी अर्धा कमी. किटला अडीच, लोखंड चांगलं पण ती सूचना एखाद्याचा ॲक्सल वाया घालवेल. वर्कशॉपला चार.

जुना ॲक्सल टॉर्क ट्यूबसकट ग्रीस लावून भिंतीशी आडवा ठेवलाय, दोन्ही ड्रम आणि सगळे बोल्ट पिशवीत, पिशवीवर कुठला बोल्ट कुठला ते लिहून. चासीला मी एकही नवीन भोक पाडलेलं नाही, गिअरबॉक्सचा आडवा आधार पण क्लॅम्पवर धरलाय, म्हणजे उद्या कुणाला गाडी मूळ रूपात आणायची असेल तर आणता येईल. यू-बोल्ट पहिल्या 500 किलोमीटरनंतर कसले होते तेव्हा प्रत्येकी पाव फेरी आत गेले, पाचरी बसल्या की असं होतंच. 8,000 ला परत बघितले, हलले नाहीत. आता उतारावरची ती हँडब्रेकची केबल तेवढी राहिली आहे.